कारण असलेला आजार

नैराश्याचा आजार आणि रोजची उदासी यांच्यातली सीमा ठरवताना लक्षणांची संख्या, त्यांचा काळ आणि त्यांनी रोजचे जगणे किती अडवले आहे हे पाहिले जाते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत: मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, भूक किंवा वजन बदलणे, झोप बिघडणे, हालचाल मंदावणे किंवा उलट अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, आणि मरणाचे विचार. यांपैकी किमान पाच लक्षणे निदान दोन आठवडे जवळपास रोज असावी लागतात आणि पहिल्या दोहोंपैकी एक तरी त्यांत असावेच लागते.

ओपीडीत येणारा माणूस ही यादी घेऊन येत नाही. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा आजार बहुधा अंगदुखी, डोकेदुखी, छातीतली धडधड, अशक्तपणा अशा तक्रारींच्या रूपाने येतो. ‘अंगात त्राण नाही’, ‘घरात करमत नाही’, ‘रात्रभर डोक्यात विचार चालू असतात’, किंवा नुसतेच ‘टेन्शन आहे’. मग ताकदीचे इंजेक्शन, सलाइन, जीवनसत्त्वाच्या गोळ्या असे करत महिने जातात. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते, आणि ज्यांना ते आहे त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत.

उपचार म्हणजे नेमके काय, याबद्दल दोन भूमिका जुन्या आहेत. एकीनुसार नैराश्य हा शरीराचा आजार आहे, तो ओळखावा आणि त्यावर औषध द्यावे. दुसरीनुसार ते परिस्थितीचे ओझे आहे आणि माणसाला त्या ओझ्यातून बाहेर काढले पाहिजे. पुढील संवादात पहिली भूमिका जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मांडतात, दुसरी विदर्भातल्या गावांत समुपदेशनाचे काम करणाऱ्या ताई. दोघेही प्रातिनिधिक आहेत.

दुःख आणि आजार

ताई: डॉक्टर, तुमचं दोन आठवड्यांचं माप मला पटत नाही. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरच्या बाईला पंधराव्या दिवशी भूक नसते, झोप नसते, कशाकडे बघावंसं वाटत नाही. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. पाहुणे गेले की सोसायटीच्या कर्जाची आठवण येते, दीर सातबाऱ्याबद्दल बोलायला लागतो. तुमच्या यादीतली सहा लक्षणं तिच्यात भरतात. ती आजारी आहे, की तिच्यावर आभाळ कोसळलंय?

डॉक्टर: दोन्ही असू शकतं, ताई. एक आहे म्हणून दुसरं नाही, असं होत नाही. नुसतं दुःख असेल तर ते आठवणीबरोबर उसळतं आणि ओसरतं; मधल्या वेळात धाकट्याच्या एखाद्या बोलण्यावर तिला हसूही येतं. आजारात ते हसू येत नाही. दुःखात ती म्हणते, ‘ते गेले, आता आमचं कसं होणार?’ आजारात म्हणते, ‘माझ्यामुळेच गेले, मी जगायच्या लायकीची नाही.’ हे दुसरं वाक्य ऐकलं की मी तेराव्याची आणि वर्षश्राद्धाची वाट बघत बसत नाही.

हा प्रश्न मानसोपचारशास्त्रालाही सहज सुटलेला नाही. डीएसएमच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने, काही गंभीर लक्षणे वगळता, नैराश्याच्या निदानातून बाहेर ठेवले होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही सूट काढून टाकली. त्याआधीच, २००७ मध्ये, ॲलन हॉरविट्झ आणि जेरोम वेकफील्ड या अभ्यासकांनी एक पुस्तक लिहून असा आक्षेप घेतला होता की निकषांमधून संदर्भ वगळल्याने साधे, स्वाभाविक दुःख आजाराच्या खात्यात जमा होते. सूट काढण्याच्या बाजूचे म्हणणे असे की मृत्यूनंतरचे नैराश्य हे नोकरी गेल्यानंतरच्या किंवा घटस्फोटानंतरच्या नैराश्याहून लक्षणांत आणि उपचारांना मिळणाऱ्या प्रतिसादात फारसे वेगळे नसते. मग एकाच कारणाला वेगळी वागणूक कशासाठी?

डॉक्टर: माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. शहरातल्या बँकेच्या मॅनेजरला विनाकारण उदास वाटलं की तो आजारी ठरतो. शेतमजूर बाईला तसंच वाटलं की लोक म्हणतात, तिची परिस्थितीच तशी आहे. म्हणजे ज्याच्या आयुष्यात कारणं जास्त, त्याला उपचार कमी. कारण दिसतं म्हणून आजार नाकारणं हा गरिबावरचा अन्याय आहे.

ताई: आणि कारण दिसत असताना नुसती गोळी दिली की ते कारण मोकाट सुटतं. नवरा दारू पिऊन मारतो आणि केस पेपर निघतो तिच्या नावाने. गावात सगळ्यांना कळतं की ‘डोक्याच्या गोळ्या’ हिला चालू आहेत. दोष तिचा ठरतो.

इथे दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे. निदानामुळे माणसाला मदतीचा हक्क मिळतो, पण चुकीच्या घरात तेच निदान त्याच्याविरुद्ध वापरले जाते. म्हणून गोव्यात आणि विदर्भात गावपातळीवर काम करणारे समुपदेशक आजाराच्या नावापेक्षा ‘ताण’ किंवा ‘टेन्शन’ या लोकांच्याच शब्दांपासून सुरुवात करतात. नाव मागून आले तरी चालते. उपचार मात्र लांबू नयेत.

कारणांचा शोध

नैराश्याच्या जैविक सिद्धांताचे एक टोक मुंबईत पोहोचते. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग मांडला. पुढे सर्पगंधेपासून वेगळे केलेले रेसर्पिन जगभर वापरले गेले आणि काही रुग्ण ते घेत असताना खोल उदासीत गेल्याच्या नोंदी झाल्या. रेसर्पिनमुळे मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन यांसारखी रसायने घटतात, हे प्रयोगशाळेत दिसले. १९५० च्याच दशकात उलटी गोष्टही दिसली: न्यूयॉर्कमध्ये क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने त्यांना तरतरी आली, आणि स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रमिनचा नैराश्यावरचा गुण सापडला. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी या निरीक्षणांतून एक सिद्धांत मांडला, आणि पुढे त्याचीच सोपी आवृत्ती ‘मेंदूतल्या रसायनांचा असमतोल’ म्हणून घरोघरी गेली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटिनने तर हे वाक्य जाहिरातीचे केले.

ताई: आणि तेच वाक्य आता टिकत नाही म्हणतात.

डॉक्टर: खरं आहे. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. नैराश्य कमी सेरोटोनिनमुळे होतं याला सुसंगत पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. रेसर्पिनची गोष्टही नंतरच्या अभ्यासांत तितकी पक्की राहिली नाही. पण सिद्धांत पडला म्हणून औषध पडत नाही. औषधाचा गुण रुग्णांवरच्या चाचण्यांत मोजला जातो, सिद्धांतावरून नाही. रुग्णाला मी ‘तुमच्या डोक्यातलं रसायन कमी पडलंय’ असं सांगत नाही. ते खोटं सांगणं होईल.

सामाजिक बाजूचा पुरावा तितकाच जुना नसला तरी भक्कम आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा आघात झालेल्या सगळ्याच स्त्रियांना नैराश्य आले नव्हते. ज्यांना मन मोकळे करायला जवळचे कोणी नव्हते, घरात तीन किंवा अधिक लहान मुले होती, बाहेरचे काम नव्हते किंवा आई लहानपणीच गेली होती, त्यांना धोका अधिक होता. गोव्यातल्या बाळंतिणींवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि बिघडलेले पतिपत्नीसंबंध ही मुख्य कारणे होती, आणि बाळ मुलगी आहे की मुलगा यावर मारहाण किंवा उपासमार यांचा परिणाम किती खोल जाईल हे ठरत होते.

ताई: मुलगी झाली म्हणून बाळंतिणीला डिंकाचे लाडू कमी पडतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. तिथे गोळी काय करणार?

डॉक्टर: लाडू नाही देणार. पण तिला रात्रीची झोप लागली, बाळाला पाजताना हात थरथरायचे थांबले, तर लाडू मागायची ताकद येईल. आघात बाहेरून झाला तरी त्याचा परिणाम शरीरात उतरतो, ताई. झोप, भूक, विचारांचा वेग, सगळं बदलतं. कारण तिथेच राहिलं तरी शरीरातला हा बदल कमी करता येतो.

तपासणी

उपचार सुरू करण्याआधी काही गोष्टी वगळाव्या लागतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असेल किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांत सर्रास आढळते, तीही तपासावी. दारू किती, किती दिवसांपासून, हे विचारलेच पाहिजे, कारण दारूने उदासी वाढते आणि उदासीने दारू. सर्वांत महत्त्वाचा आणि अनेकदा राहून जाणारा प्रश्न आधीच्या उन्मादाच्या काळाचा आहे: कधी आठवडाभर झोप न घेता प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, अखंड बडबड असे झाले होते का? तसे असेल तर तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि नुसत्या नैराश्यविरोधी औषधाने उन्मादाचा झटका येण्याची भीती असते.

तीव्रता मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सूची वापरतात. ती मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहापासून पुढे मध्यम आणि वीसपासून पुढे तीव्र नैराश्य मानले जाते. निदान केवळ सूचीवरून करायचे नसते, पण पुढच्या भेटीत आकडा उतरला की चढला हे पाहण्यासाठी तिच्याइतके सोपे साधन नाही.

गोळी आणि गप्पा

डॉक्टर: औषधांबद्दल आकडे मी सांगतो, मोठे करून नाही. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. २१ औषधं, १,१६,४७७ रुग्ण. प्रत्येक औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण सरासरी फरक माफकच होता. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात, २००६ साली, पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त झाले.

ताई: म्हणजे दोन तृतीयांश झाले नाहीत.

डॉक्टर: त्यांच्यासाठी दुसरं औषध, मग तिसरं. चौथ्या टप्प्यापर्यंत सुमारे दोन तृतीयांश बरे होतात असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२३ मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी झाली आणि तो आकडा निम्म्यावर आला. तरीही, ज्याला सकाळी अंथरुणातून उठताच येत नाही, ज्याने खाणं सोडलंय, ज्याला आपण मेलेलो आहोत असे भास होतात, त्याच्यासमोर मी गप्पा मारायला बसणार नाही. तिथे औषध लागतं, आणि कधी विद्युत उपचारही लागतात. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ते देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने बंदी आहे. सिनेमात दाखवतात तसं ते आता होत नाही.

ताई: त्या रुग्णाबद्दल माझा वाद नाही. पण गावातले बहुतेक लोक तसे नसतात, आणि आमच्या कामाला तुम्ही ‘गप्पा’ म्हणता ते मला लागतं. गोव्यात तपासून बघितलंय. संगाथ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्ण घेतले, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठका दिल्या. बैठका घेणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले; नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के.

डॉक्टर: ‘गप्पा’ हा शब्द मागे घेतो. तो आकडा कोणत्याही औषधाला हेवा वाटावा असा आहे.

हा गोव्यातला ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ लॅन्सेटमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वर्षभरानंतरही त्याचा फायदा टिकल्याचे दिसले. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. तिथे गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आजाराबद्दल बोलणे, समुपदेशन आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवणे अशी साखळी उभी केली. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. औषध चांगले की समुपदेशन, या वादात बुडून जाणारी गोष्ट ती हीच: कोणताही उपचार न मिळणारे लोक सर्वाधिक आहेत. त्यांच्यापर्यंत आधी पोहोचते ती बहुधा आशाताई, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे.

बैठकीत काय होते

गोव्यातल्या कार्यक्रमाचा गाभा वर्तन-सक्रियता हा आहे. तिचे तर्कशास्त्र सरळ आहे. मन उदास झाले की माणूस कामे, भेटीगाठी, छंद सोडतो. ते सुटले की आनंदाच्या आणि यशाच्या छोट्या संधीही जातात आणि उदासी वाढते. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणे अवघड, कृतीच्या बाजूने सोपे. म्हणून ‘वाटेल तेव्हा करू’ याऐवजी ‘ठरल्या वेळी करू, मग कसे वाटते ते पाहू’ असा क्रम लावतात.

ताई: पहिल्या बैठकीत कागदावर सात दिवसांचे रकाने आखतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लिहिता येत नसेल तर चेहऱ्यांची चित्रं. एक बाई दिवसभर खाटेवर पडून असायची, स्वयंपाक सासू करायची. आठवडाभराच्या कागदावरून दिसलं की तिचा चेहरा एकदाच बरा होता: शेळीला पाला घातला तेव्हा. मग पुढच्या आठवड्याचं काम ठरलं: रोज सकाळी चहा झाला की शेळीचा पाला तिनेच आणायचा. बचत गट नाही, शेत नाही, फक्त पाला. दुसऱ्या आठवड्यात नळावर जाणं. पाचव्या आठवड्यात ती बचत गटाच्या बैठकीला येऊन मागे बसली, बोलली काहीच नाही. आम्ही ते यशात धरलं.

डॉक्टर: आणि तिचा नवरा?

ताई: त्याला एका बैठकीत बोलावलं. ‘मन घट्ट कर’ म्हणायचं नाही, एवढंच सांगितलं. मन घट्ट करता आलं असतं तर ती आजारी कशाला पडली असती? त्याऐवजी पाल्याला निघाली की बरोबर चार पावलं चालायचं. दारूचा प्रश्न वेगळा धरावा लागला, आणि तो सुटला असं मी म्हणणार नाही.

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. फिलाडेल्फियाचे आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात दाखवले की नैराश्यात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल ठरावीक काळे निष्कर्ष आपोआप निघत राहतात. ते पकडून तपासायला शिकवता येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी आयुष्यभर शिकवली, त्यामुळे हा विचार मराठी वाचकाला अनोळखी नाही. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या संस्थांनी तो व्याख्याने, पुस्तके आणि गटांच्या वाटेने मध्यमवर्गीय घरांत नेला. मात्र तीव्र आजाराच्या काळात ‘तुझे विचार चुकीचे आहेत’ असे ऐकणे आणखी एका दोषारोपासारखे लागू शकते. तेव्हा कृतीपासून सुरुवात करणे आणि थोडी उभारी आल्यावर विचारांकडे वळणे अधिक शहाणपणाचे.

इंग्लंडमधल्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे या वादात मधली वाट घेतात. सौम्य नैराश्यात रुग्णाने स्वतः मागितल्याखेरीज औषधाने सुरुवात करू नये; तीव्र नैराश्यात औषध आणि विचार-वर्तन उपचार दोन्ही एकत्र सुचवावेत.

औषधाबरोबर राहणे

गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात त्रासच आधी दिसतो: मळमळ, जुलाब, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘औषध मानवत नाही’ असा निष्कर्ष काढतो. लैंगिक इच्छा कमी होणे हा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. लाजेने तो कोणी सांगत नाही आणि औषध गुपचूप सुटते. डॉक्टरांनी तो स्वतःहून विचारावा. पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांचे लक्ष आणि लवकरची फेरभेट आवश्यक असते.

ताई: लोक विचारतात, ‘ह्या झोपेच्या गोळ्या आहेत ना, सवय लागेल ना?’

डॉक्टर: ह्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या महिनोन्महिने जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून आणल्या जातात. तिथे तुमची भीती खरी आहे. पण नैराश्याची गोळीही एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. तेव्हा उतरवायची ती हळूहळू.

मरणाचे विचार

या विषयावर दोन्ही भूमिका एकत्र येतात. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जात नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. ‘होय’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे.

ताई: शेतकरी घरात आम्ही आणखी एक काम करतो. फवारणीचं औषध घरातून काढून शेजारच्या कुलपात किंवा भावाकडे ठेवायला लावतो. असा विचार कित्येकदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व आधार देण्याची जबाबदारी शासनावर येते. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरी लपवून ठेवलेली माणसे आजही असतात. त्यांच्यापर्यंत हे कलम पोहोचायला हवे. राष्ट्रीय टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

बरे होणे आणि पुन्हा पडणे

लक्षणे जाणे आणि बरे होणे यांत अंतर असते. पीएचक्यू-९ चा आकडा पाचच्या खाली आला तरी झोप कच्ची राहते, वाचलेले लक्षात राहत नाही, गर्दी नकोशी वाटते. अशी शिल्लक राहिलेली लक्षणे पुढच्या झटक्याची शक्यता वाढवतात, म्हणून ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर थांबणे धोक्याचे. पहिल्या झटक्यात लक्षणे गेल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध त्याच मात्रेत चालू ठेवतात. अनेक झटके येऊन गेले असतील तर दोन वर्षे किंवा अधिक.

डॉक्टर: लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. मी मधुमेहाचं उदाहरण देतो: साखर उतरली म्हणून गोळी बंद करता का?

ताई: ते उदाहरण मला आवडत नाही. मधुमेह जन्मभराचा. बाईला वाटतं आपण कायमच्या आजारी झालो. बऱ्याच जणांना एकच झटका येतो आणि संपतो, हे सांगा ना तिला.

डॉक्टर: बरोबर. पण किती जणांचा संपतो, हे आधी कळत नाही. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या ४७८ जणांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्या सगळ्यांना बरं वाटत होतं. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना. मी हे आकडे वाचतो आणि चालू ठेवा म्हणतो.

ताई: मी वाचते की बंद करूनही ४४ टक्के लोक नीट राहिले. त्यांना उगाच गोळ्या का?

एकाच अभ्यासाची ही दोन्ही वाचने बरोबर आहेत. निर्णय रुग्णाच्या इतिहासावर आणि इच्छेवर ठरायचा. औषध बंद करू इच्छिणाऱ्यांसाठी सजगतेवर आधारलेली विचारचिकित्सा हा एक तपासलेला मार्ग आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत वारंवार झटके येणाऱ्या ४२४ जणांपैकी निम्म्यांनी ती शिकत औषध उतरवले, निम्म्यांनी औषध चालू ठेवले. दोन वर्षांत पुन्हा त्रास झालेल्यांचे प्रमाण ४४ आणि ४७ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. ही पद्धत आजार ओसरल्यानंतरची आहे. तीव्र नैराश्यात असलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौन शिबिरात पाठवणे हा तिचा अर्थ नव्हे.

ताई: बंद करायचं ठरलं तर एक अट माझी ऐका. पेरणीच्या तोंडावर नको, कापूस विकून पैसे हातात येईपर्यंत नको, मुलीचं लग्न ठरलेलं असताना नको. आमच्याकडे जूनपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक घर ताणात असतं.

डॉक्टर: मान्य. मी आतापर्यंत महिने मोजत होतो, हंगाम बघत नव्हतो. हिशेबात बसत असेल तर उन्हाळ्याआधी, माघ-फाल्गुनात सुरुवात करू. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी, प्रत्येक टप्प्यावर काही आठवडे थांबायचं, आणि त्या काळात तुमची भेट चालू ठेवायची.

औषध उतरवण्याआधी रुग्णाच्या हाती एक कागद दिला जातो. त्यावर त्याच्या स्वतःच्या आजाराची पहिली लक्षणे असतात, आणि ती प्रत्येकाची वेगळी असतात: कोणाची पहाटे तीनला झोप उडते, कोणी फोन उचलणे सोडते, कोणी आंघोळ टाळते. त्याखाली ती लक्षणे आधी कोणाच्या लक्षात येतील त्या घरच्या माणसाचे नाव, मदत झालेल्या दोन-तीन कृती, आणि लक्षणे दोन आठवडे टिकली तर कोणाकडे जायचे ते लिहितात. कागदाची एक प्रत डॉक्टरांच्या केस पेपरला लावतात, एक ताईंच्या वहीत राहते, आणि मूळ कागद रुग्णाकडे.